पेंढा भरायचा की नाही, हे शिकारीआधीच ठरवावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी जुलै महिन्यात एका रात्री साडेनऊच्या सुमारास जोहान्सबर्गला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला. तिकडे संध्याकाळचे सहा वाजले होते आणि नुकताच अंधार पडला होता. नोकरीनिमित्त चौदा वर्षांपूर्वी तिकडे गेलेला हा मुलगा मित्रांबरोबर लिम्पोपो प्रांतातल्या एका खासगी शिकार-फार्मवर गेला होता, तिथल्या कायद्याप्रमाणे रीतसर परवानगीने त्याने काळविटाच्या वर्गातले दोन प्राणी, एक कुडू आणि एक इम्पाला, मारले होते, आणि आता फार्मच्या मालकाने त्याच्यासमोर एक छापील दरपत्रक ठेवले होते. “मावशी, फुल माउंट करू, शोल्डर माउंट करू, की नुसती कवटी? कुडू मुंबईला पाठवायचाय, दादरच्या हॉलमध्ये बाबांच्या खुर्चीमागे लावायला. आत्ताच सांग, कातडी सोलणारा माणूस सुरी घेऊन उभा आहे.” मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातले छोटे संग्रहालय मी एकतीस वर्षे सांभाळले, म्हणून हा प्रश्न त्याने मला विचारला. त्यानंतर ओळखीच्या आणखी दोन घरांतून असाच फोन आला, आणि दोन्ही वेळा तो जनावर पडल्यानंतरच आला. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मला स्वतःला शिकार पटत नाही, हे आधीच स्पष्ट सांगते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शौकाची शिकार थांबवली आणि केनियाने १९७७ मध्ये तेच केले, याचा मला आनंद आहे. परंतु दक्षिण आफ्रिका, नामिबिया, झिम्बाब्वे या देशांत शिकार कायद्याने चालते. दक्षिण आफ्रिकेत तर १९९१ च्या एका कायद्यानुसार पुरेशा कुंपणाच्या आतले वन्य प्राणी जमीनमालकाच्या मालकीचे मानले जातात, आणि गुरे पाळण्यापेक्षा रानातली हरणे राखणे फायद्याचे ठरले म्हणून ती टिकली, असे तिथले लोक मनापासून सांगतात. त्या वादात या पत्रापुरती मी शिरत नाही. माझे म्हणणे त्याच्या पुढच्या पायरीविषयी आहे. मारलेल्या जनावराचे काय करायचे, हा निर्णय गोळी झाडण्याआधी, आणि ते जनावर पुढची पन्नास वर्षे ज्या घरात राहणार आहे त्या घराकडे बघून घेतला पाहिजे. ते घर मुंबईत असेल, तर अख्खे जनावर किंवा खांद्यापर्यंतचे मुंडके मुळीच करून घेऊ नये, असे माझे एकतीस वर्षांच्या अनुभवानंतरचे ठाम मत आहे.

हा निर्णय आधी का घ्यावा लागतो, हे त्या सोलणाऱ्या माणसाच्या सुरीवरून समजते. आपण मराठीत सहज ‘पेंढा भरलेला वाघ’ म्हणतो, आणि त्यामुळे जनावर आतून रिकामे करून त्यात गवत कोंबले की काम झाले, अशी समजूत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. प्रत्यक्षात जनावराचे फक्त कातडे आणि शिंगे वापरली जातात. बाकी सगळे, म्हणजे मानेचा बाक, गालाची हाडे, खांद्याचे स्नायू, हे आता पॉलियुरेथेन फोमच्या तयार साच्यातून येते, आणि त्या साच्यावर कातडे ओढून शिवले जाते. तेव्हा सगळी मदार कातडे कुठे आणि कसे कापले यावर असते. खांद्यापर्यंतचे मुंडके हवे असेल तर पुढच्या पायांच्या बरेच मागे, छातीभोवती गोल काप घ्यावा लागतो, आणि मानेवरची शिवण नेहमी मागच्या बाजूने, मणक्यावरून घ्यावी लागते, म्हणजे ती भिंतीकडे वळते. अख्खे जनावर हवे असेल तर कापाची रेघ वेगळी असते. जमिनीवर अंथरायचे कातडे हवे असेल तर तिसरीच. गळ्याखाली एकदा सुरी लागली की मुंडके करण्याचा पर्याय संपला, कारण ती शिवण कितीही कुशल कारागीर असला तरी समोरूनच दिसते. माझ्या भाच्याच्या इम्पालाचे हेच झाले होते. बरोबरच्या एका मित्राने रक्त काढून टाकावे म्हणून जागेवरच त्याचा गळा चिरला होता, आणि दरपत्रकातला निम्मा प्रश्न फोन येण्याआधीच निकालात निघाला होता.

दुसरा प्रश्न वेळेचा. जनावर मेल्यावर काही तासांत, आणि ऊन असेल तर त्याहूनही लवकर, कातड्याच्या आतल्या बाजूने जिवाणू वाढू लागतात आणि केसांची मुळे सैल होतात. याला धंद्यातले लोक केस सुटणे म्हणतात. ते आधी कान, ओठ, पापण्या आणि जांघेत सुरू होते. वरून काही दिसत नाही, पण कातडे कमावायला घेतले की मूठभर केस हातात येतात. म्हणून कातडे उतरवल्यावर मांसाचा आणि चरबीचा कण न् कण खरवडायचा, ओठांची जाडी आतून दुभंगायची, कान मोज्यासारखे उलटे करायचे, आणि प्रत्येक घडीत बारीक मीठ चोळायचे. खडे मीठ चालत नाही, ते घडीत पोहोचत नाही. दुसऱ्या दिवशी ओले झालेले मीठ झटकून पुन्हा नवे चोळायचे, आणि मग सावलीत वाळवायचे, कारण उन्हात वाळवलेले कातडे कडेने करपते आणि पुढे ताणले की फाटते. हे सगळे झाल्यावर ते आम्लाच्या पाण्यात बुडवणे, आतून तासून पातळ करणे आणि कमावणे. जनावराच्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचे अंतर आणि मानेचा घेर सोलण्याआधीच मोजून ठेवला नसेल, तर साचा अंदाजाने निवडला जातो, आणि मग भिंतीवर जे येते ते कुडूसारखे दिसणारे काहीतरी असते, तो कुडू नसतो. चांगल्या कारागिराकडे या कामाला सहज वर्ष लागते. त्या एका संध्याकाळच्या उत्साहात पाच मिनिटांत जे ठरवले जाते, त्याच्यामागे एवढे काम आणि एवढा काळ असतो, याची कल्पना दरपत्रकावरून मुळीच येत नाही.

आता मुंबईतल्या घराकडे वळते, कारण माझा खरा आग्रह तिथे आहे.

आमच्या गिरगावच्या घरी दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर बिबट्याचे मुंडके होते. माझ्या आजोबांनी १९५८ साली, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, त्या काळच्या परवान्याने तो मारला होता. पाहुण्यांच्या दृष्टीने ती घराची शोभा होती. माझ्या दृष्टीने ते दर दसऱ्याआधीचे काम होते. आईच्या जुन्या नऊवारीचा मऊ तुकडा किंचित ओला करून मी स्टुलावर चढून त्याचे काचेचे डोळे पुसत असे, आणि ब्रशाने केस एकाच दिशेने बसवत असे. पहिल्यांदा लक्षात आले ते मिशांचे. एका वर्षी डावीकडच्या दोन मिशा कमी झाल्या, पुढच्या वर्षी त्या बाजूला एकही राहिली नाही. मग डाव्या कानाच्या मुळाशी केसांचा एक गोल उडाला आणि खाली बारीक तपकिरी भुगा दिसू लागला. कसर लागली होती. डांबराच्या गोळ्या कापडात बांधून मागे लटकवल्या, त्याने वास राहिला आणि कसरही राहिली. २००५ च्या जुलैमधल्या अतिवृष्टीनंतर घराच्या भिंती महिनाभर ओल्या होत्या. त्या महिन्यात उजवा कान वाळलेल्या पानासारखा आत वळला, जबड्याखालची शिवण बोटभर उसवली, आणि आतला लाकडाचा कीस आणि सुतळी बाहेर डोकावू लागली. त्याच्या प्लास्टरच्या लाल जिभेला मधोमध तडा गेला होता. आई त्या भिंतीकडे पाठ करून बसायला लागली. “मेलेल्याला असं टांगून किती वर्षं छळायचं गं,” असे ती मला एकदा म्हणाली. ते वाक्य मी विसरलेले नाही.

यात कारागिराचा काही दोष नव्हता. कातडे हा हवेतला दमटपणा पिणारा पदार्थ आहे. पावसाळ्यात ते फुगते, डिसेंबरच्या कोरड्या हवेत आकसते, आणि प्रत्येक वेळी शिवणीवर, कानांवर आणि पापण्यांवर ताण येतो. संग्रहालये अशा वस्तूंसाठी साधारण पन्नास टक्क्यांच्या आसपासची स्थिर आर्द्रता राखण्याचा प्रयत्न करतात, आणि मुंबईची जुलैतली हवा पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास असते. रात्री एसी आणि दिवसा उघड्या खिडक्या असलेल्या आपल्या घरांत तर हा चढउतार रोजचाच आहे. फोमचा साचा नवा असला तरी त्यावरचे कातडे तेच असते. लिम्पोपोतल्या जुलैच्या खडखडीत थंडीत वाळलेले मुंडके आमच्या जुलैत आणून टांगणे म्हणजे ते नासवायला आणणेच आहे.

जुन्या मुंडक्यांबाबत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला वाचकांना कळकळीने सांगायची आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बेकेर नावाच्या माणसाने कातड्याला कीड लागू नये म्हणून सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा, साबण शोधून काढला, आणि तो विसाव्या शतकात बराच काळ जगभर वापरला गेला. आमच्या महाविद्यालयातल्या जुन्या नमुन्यांवर कातड्याच्या कडेला पांढरी पूड दिसे, तेव्हा आम्ही हातमोजे आणि मास्क घालूनच त्यांना हात लावत असू. घरी मात्र मीच वर्षानुवर्षे उघड्या हाताने त्या बिबट्याचे केस विंचरले होते, हे मला नोकरी लागल्यानंतर लक्षात आले. आजही ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळातले मुंडके किंवा कातडे आहे, त्यांनी ते मुलांच्या हाती देऊ नये, आणि झटकून साफ करू नये.

आकाराचाही विचार कोणी करत नाही. पूर्ण वाढलेला कुडू नर खांद्यापाशी जवळजवळ दीड मीटर उंच असतो, वजन अडीचशे किलोपर्यंत आणि कधी त्याहूनही जास्त जाते, आणि त्याच्या पिळदार शिंगांची वळणावरून मोजलेली लांबी सव्वा मीटरच्या घरात असते. अख्खा कुडू आमच्या मेहुण्यांच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये सोडाच, जिन्याच्या वळणावरूनही वर गेला नसता. खांद्यापर्यंतचे मुंडकेसुद्धा भिंतीपासून मीटरभर पुढे येते आणि वर शिंगे छताकडे जातात. दादरच्या त्या हॉलमध्ये मेहुणे खुर्चीवरून उठले असते तर कुडूची हनुवटी त्यांच्या डोक्याला लागली असती. हे मी भाच्याला त्या रात्री सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. त्याने लहानपणी अख्खा हॉल धावून मोजलेला होता.

कायद्याची बाजू सगळ्यात शेवटी बघितली जाते, ती खरे तर सर्वांत आधी बघायला हवी. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा ‘साइट्स’ हा करार १९७३ साली झाला आणि भारत १९७६ पासून त्यात आहे. त्याच्या पहिल्या परिशिष्टाचे नियम सर्वांत कडक, दुसऱ्याचे त्याहून सैल. पहिल्यात बिबट्या आहे, आफ्रिकी सिंह दुसऱ्यात आणि आपला गीरचा सिंह पहिल्यात आहे, हत्ती चार देशांपुरता दुसऱ्यात आणि इतरत्र पहिल्यात आहे, पाणघोडा दुसऱ्यात आहे, आणि जिराफ २०१९ पासून दुसऱ्यात आला. कुडू आणि इम्पाला यांपैकी कुठेच नाहीत. त्यामुळे तिकडचे आयोजक सरसकट सांगतात की यांना काही अडचण नाही. तिकडून बाहेर काढायला त्यांचे निर्यातीचे आणि पशुवैद्यकीय कागद असतात, ते मिळतातही. पण इकडे उतरवून घेणे ही वेगळी गोष्ट आहे. वन्य प्राण्यांचे अवयव भारतात आणणे ही खुली आयात नाही. त्यात वन्यजीव विभाग आहे, सीमाशुल्क विभाग आहे, आणि प्राणिजन्य वस्तूंबरोबर रोग येऊ नयेत म्हणून १८९८ च्या पशुधन आयात कायद्याखालची क्वारंटाईन यंत्रणा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने ‘साइट्स’ची तरतूद आपल्या वन्यजीव कायद्यातच आली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तेव्हा ज्याला काहीही मुंबईत आणायचे असेल, त्याने प्राण्याचे शास्त्रीय नाव, वस्तूचे स्वरूप आणि ती ज्या देशातून येणार तो देश लिहून, विमानाचे तिकीट काढण्याआधी संबंधित कार्यालयांकडून लेखी उत्तर घ्यावे. उत्तर नकाराचे असेल तर तो नकार गोळी झाडण्याआधी मिळालेला बरा. बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणण्याचा सल्ला देणारेही भेटतात. त्यांचे मुळीच ऐकू नये.

दरपत्रकात ‘डिप अँड पॅक’ असाही एक पर्याय असतो, म्हणजे कातडे आणि कवटी फक्त औषधात बुडवून, निर्जंतुक करून बांधून द्यायची आणि उरलेले काम शिकाऱ्याने आपल्या देशातल्या कारागिराकडून करून घ्यायचे. अमेरिकेतल्या शिकाऱ्याला तो सोयीचा असेल. आपल्याकडे टॅक्सिडर्मीचा, म्हणजे मेलेली जनावरे अशी जतन करून देण्याचा, व्यवसाय वन्यजीव कायद्याच्या कलम ४४ खाली परवान्याचा विषय आहे, आणि एके काळी या देशात गल्लोगल्ली नसले तरी शहरोशहरी असलेले कारागीर आता राहिलेले नाहीत. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कंपनीने विसाव्या शतकात सुमारे ४३ हजार वाघ आणि बिबटे तयार केले. ती १९९९ च्या सुमारास बंद झाली. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून टॅक्सिडर्मी केंद्र आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणारे डॉ. संतोष गायकवाड यांनी ते उभे केले, आणि तिथे नैसर्गिक मृत्यू आलेली जनावरे वनखात्याच्या परवानगीने अभ्यासासाठी जतन केली जातात. ते शिकाऱ्यांची हौस भागवण्याचे ठिकाण नाही, आणि तसे असूही नये. विमानवाहतुकीचीही अडचण आहे: २०१५ मध्ये झिम्बाब्वेतल्या हवांगे राष्ट्रीय उद्यानाजवळ सीसिल या सिंहाची शिकार झाल्यावर जगभर जो संताप उसळला, त्यानंतर अनेक विमान कंपन्यांनी सिंह, हत्ती, गेंडा अशा प्राण्यांचे अवशेष नेण्यास बंदी घातली.

मग काहीच ठेवू नये का? जतन करण्याची विद्या मला प्रिय आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी ‘नाही’ असे देऊ शकत नाही. मुंबईला या विद्येचे ऋण मान्य करायला हवे. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यालयात १९०८ साली खेतवाडीतला एक मुलगा आपण छर्ऱ्याच्या बंदुकीने मारलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन ओळख पटवायला गेला. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्याच्यासमोर खणामागून खण उघडून जतन केलेले पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे सलीम अली. पुढे १९२६ मध्ये तेच प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, प्राणिविभागाचे मार्गदर्शक-व्याख्याते झाले. त्या खणांतले पक्षी दिसायला मुळीच रुबाबदार नव्हते. पोटात कापूस भरलेले, पाठीवर निजवलेले, काचेचे डोळे नसलेले. पण प्रत्येकाच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली होती, तीवर ठिकाण, तारीख, नर की मादी, मोजमापे आणि ते ज्याने आणले त्याचे नाव. सोसायटीच्या संग्रहातले लाखाहून अधिक नमुने आज शंभर वर्षांनंतरही बोलतात ते या चिठ्ठीमुळे. आमच्या बिबट्याला चिठ्ठी नव्हती. तो नर होता की मादी हेसुद्धा घरात कोणाला सांगता येत नव्हते. शिकारीची गोष्ट आजोबांबरोबर गेली, आणि त्यानंतर भिंतीवर फक्त उघडा जबडा राहिला.

म्हणून त्या रात्री मी भाच्याला जे सांगितले ते असे. कुडूची शिंगांसह कवटी ठेव, बाकी काही नको. हरणवर्गातल्या आणि काळविटासारख्या प्राण्यांत मोठा फरक आहे. सांबर-चितळाची शिंगे हाडाची असतात आणि दरवर्षी गळतात. कुडूच्या शिंगात आत हाडाचा गाभा असतो आणि वर नखासारखे टोपण. ते टोपण भिजवून सैल करून उतरवले पाहिजे, आतला गाभा स्वच्छ केला पाहिजे आणि वाळल्यावर टोपण परत चढवले पाहिजे, नाहीतर आत राहिलेले मांस महिनोन्महिने कुजते आणि शिंगाला कीड लागते. कवटी खळखळ उकळू देऊ नये, मंद आचेवर शिजवावी, कारण जास्त उकळल्याने हाडे ठिसूळ होतात आणि नाकाची पातळ पाने सुटतात. पांढरी करायला ब्लीचिंगचे द्रावण कधीही वापरू नये, ते हाड खाते. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे. चांगले कारागीर आणि संग्रहालये कवटीवरचे मांस काढायला एका जातीचे भुंगे सोडतात, आणि ते काम इतके नाजूक करतात की सुरी तिथे पोहोचणार नाही. घरातल्या मुंडक्याचे केस खाणारी कीड बहुधा त्याच भुंग्यांच्या कुळातली असते. कवटीवर त्यांना खाण्यासारखे काही उरत नाही, म्हणून ती टिकते. इम्पालाचे कातडे सपाट कमावून घे, आणि दोन्ही जनावरांचे मांस फार्मवरच्या लोकांत वाटले जाते ना, ते विचारून घे. ते वाटले जात होते. आणि यांतले काहीही मुंबईला पाठवू नकोस, तुझ्या तिथल्या घरात ठेव, त्या हवेत ते राहील.

मेहुण्यांना वाईट वाटले. दोन महिने ते माझ्याशी जेमतेम बोलत होते. मुलाने आठवणीने पाठवलेली वस्तू मी अडवली, असे त्यांना वाटत होते, आणि त्यांच्या जागी मलाही तसेच वाटले असते. दिवाळीत भाचा आला तेव्हा त्याने कवटीचा मोठा फोटो आणला, आणि त्याबरोबर कवटीच्या मागे लाकडी पट्टीवर चिकटवलेल्या चिठ्ठीचाही फोटो आणला. मी फोनवर सांगितल्याप्रमाणे त्याने ती स्वतःच्या अक्षरात लिहिली होती: प्रांत, फार्म, तारीख, नर, दोन्ही शिंगांची लांबी, किती अंतरावरून मारला, आणि पहिली गोळी नीट न लागल्यामुळे तो चाळीस मिनिटे शोधावा लागला हेही. ते शेवटचे वाक्य लिहायला मी सांगितले नव्हते. मेहुण्यांनी ती चिठ्ठी चष्मा लावून दोनदा वाचली आणि फोटो खुर्चीमागे न लावता कपाटात कागदांबरोबर ठेवला.

आमच्या बिबट्याचेही सांगून टाकते, कारण अनेक घरांत हाच प्रश्न आहे. १९७२ च्या कायद्यानंतर वडिलांनी त्याची नोंद करून मालकीचे प्रमाणपत्र घेतले होते. ते गेल्यावर वारस म्हणून भावाने नव्वद दिवसांच्या मुदतीत वनखात्याकडे तसे कळवले. अशा वस्तू विकता येत नाहीत, कोणाला देता येत नाहीत. वारशाने मात्र येतात, आणि वारसाने ही मुदत पाळावी लागते, हे बहुतेकांना माहीत नसते. २०२२ च्या दुरुस्तीत कलम ४२-अ आले आणि प्रमाणपत्र असलेली वस्तू स्वेच्छेने, मोबदल्याशिवाय, मुख्य वन्यजीव रक्षकांकडे परत करण्याची सोय झाली. २०२४ च्या मार्चमध्ये भाऊ आणि मी ते मुंडके जुन्या चादरीत गुंडाळून, हातमोजे घालून, टॅक्सीने घेऊन गेलो. पावती घेतली. आई तेव्हा नव्हती, ते तिने बघायला हवे होते.

आता आपल्या माध्यमातून माझी एक विनंती आहे. परदेशातल्या शिकारीच्या सहली आखून देणारे मध्यस्थ मुंबईतही आहेत, आणि त्यांच्या माहितीपत्रकात राहण्या-जेवणाची, बंदुकीच्या भाड्याची, प्रत्येक प्राण्याच्या शुल्काची बारीक माहिती असते. त्याच पानावर त्यांनी दोन ओळी मराठीत, ठळक अक्षरात छापाव्यात: या प्राण्याचा कोणताही भाग भारतात आणण्यासाठी कोणाची लेखी परवानगी लागते, आणि ती मिळाली नाही तर त्या भागाचे तिकडे काय केले जाईल. ग्राहकाने त्याखाली सही केल्याशिवाय आगाऊ रक्कम घेऊ नये. आणि माझ्या भाच्यासारख्या मुलांनी मावशीला फोन करायचाच असेल, तर तो निघण्याच्या आदल्या महिन्यात करावा.

आपली नम्र,
एक वाचक (निवृत्त संग्रहालय सहायक, प्राणिशास्त्र विभाग),
गिरगाव, मुंबई